नेसायची की द्यायची?

दिवाळी किंवा लग्नसराई तोंडावर आली की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, नाहीतर दादरला, एखाद्या साडीच्या दुकानात नुसतं टेकावं आणि ऐकावं. बाई म्हणतात, "साड्या दाखवा." गादीवरचा माणूस फळीकडे हात नेण्याआधी विचारतो, "नेसायची की द्यायची?" बाईंना त्यात काहीच वावगं वाटत नाही. "द्यायच्या. आठ हव्यात," त्या म्हणतात, आणि वेगळ्याच फळीवरचा गठ्ठा खाली येतो. नेसायची असती तर त्यांनी पोत बोटांत धरून पाहिला असता, रंग जाईल का विचारलं असतं, काठ उजेडात नेऊन निरखले असते. द्यायच्या साडीला कुणी हात लावत नाही. कितीपर्यंतची, किती नग आणि खोका मिळेल ना, एवढ्यावर सौदा संपतो.

भेटवस्तूंचा कचरा कुठे तयार होतो, याचं उत्तर बरेच जण दिवाळीनंतरच्या कचराकुंडीपाशी शोधतात. माझ्या मते तो त्या दुकानातल्या प्रश्नापाशी तयार होतो. वापरायची वस्तू वेगळी आणि द्यायची वस्तू वेगळी, असे दोन माल आपण स्वखुशीनं पाडले आहेत. द्यायच्या मालाला एकच परीक्षा द्यावी लागते: हातातून हातात जाताना तो बरा दिसला पाहिजे. त्यानंतर त्याचं काय होतं, हे ना विणणाऱ्यानं पाहायचं, ना विकणाऱ्यानं, ना देणाऱ्यानं.

या मालातला सगळ्यात अस्सल नमुना म्हणजे ब्लाउजपीस. कुठल्याही मराठी घरातलं कपाट उघडा. खालच्या कप्प्यात एक पिशवी असते आणि तीत घड्या. काही आमसुली, काही पोपटी, काही अशा रंगांच्या की त्यांना मराठीत नाव नाही. खळ इतकी की कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. ओटी भरताना नारळ आणि तांदळाबरोबर ते येतं आणि पुढच्या ओटीत निघून जातं. ज्या घरातून आलं त्याच घरी परत जाऊ नये म्हणून माझी आई घडीत चिठ्ठी घालायची: कुणाकडून, कधी. एकदा एक चिठ्ठी तशीच राहून गेली आणि दोन वर्षांनी तेच ब्लाउजपीस चिठ्ठीसकट आमच्याकडे परत आलं. मधल्या कुणीही घडी उलगडलीच नव्हती.

पश्चिम प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाला असंच एक चक्र सापडलं होतं. त्याचं पुस्तक १९२२ साली आलं. तिथले लोक होड्यांतून जिवावर उदार होऊन बेटाबेटांवर जात आणि शिंपल्यांच्या वस्तू एकमेकांना देत. तांबड्या शिंपल्यांच्या माळा एका दिशेनं फिरत, पांढरी दंडकडी उलट दिशेनं. मिळालेली वस्तू फार काळ ठेवून घ्यायची नाही, पुढे द्यायची, असा दंडक. या व्यवहाराला ते 'कुला' म्हणत. वाचताना पहिल्यांदा वाटतं, अरे, हे तर आमचं ब्लाउजपीसच. पण एक मोठा फरक आहे. कुलातल्या नामांकित माळेला स्वतःचं नाव असतं, ती कुणाकुणाच्या हातून गेली हे लोकांना पाठ असतं आणि प्रत्येक हातागणिक तिचा मान वाढतो. आपलं ब्लाउजपीस मात्र तोंड लपवून फिरतं. आधी कुणाचं होतं हे कळता कामा नये, ही त्याची पहिली अट. प्रत्येक घरी त्याची घडी थोडी पिवळी पडते, मग एक दिवस कुणीतरी त्यानं फरशी पुसून पाहतं, आणि खळीमुळे ते पाणीसुद्धा टिपत नाही.

म्हणून भेट पुढे सरकवण्यात मला स्वतःला काही गैर वाटत नाही. लपवून सरकवण्यात मात्र गोम आहे. दिवाळीत सोनपापडीचा खोका चार घरं फिरतो, त्यावरून विनोद होतात. सोनपापडी फिरते कारण ती फिरू शकते. तिच्यात ओलावा फार कमी, त्यामुळे ती महिनोन्‌महिने टिकते. ओल्या नारळाच्या करंजीला हे जमायचं नाही, ती दोन दिवसांत कुणीतरी खावीच लागते. टिकाऊपणा हा वस्तूचा गुण आपण डोळे मिटून मानतो, पण भेटीच्या बाबतीत नासणं हाही एक गुण आहे. जे नासणार आहे ते देताना समोरच्याचं घर, घरातली माणसं, त्यांच्या खाण्याच्या सवयी यांचा विचार करावाच लागतो.

हे सगळ्यात नीट कळतं ते संक्रांतीच्या वाणात, म्हणून तिथे जरा थांबू.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होतं. हा काळ ठरावीक लांबीचा नसतो, कारण संक्रांत सूर्यावर ठरते आणि रथसप्तमी माघातल्या तिथीवर. २०२४ साली मध्ये महिनाभर मिळाला, २०२६ साली जेमतेम अकरा दिवस. या दिवसांत आलेल्या प्रत्येकीला एक वस्तू द्यायची, ती म्हणजे वाण. भाषा पाहा: वाण 'वाटत' नाहीत, 'लुटतात'. हात आखडायचा नाही, हा त्यातला भाव. मुळात लुटायचं होतं ते त्या हंगामात शेतात आलेलं पीक. सुगडात काय असतं ते आठवा: हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, बोरं, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या, भुईमुगाच्या शेंगा, तीळगूळ. सुगड मातीचं, गळ्याला हळदीकुंकवाची बोटं आणि दोरा. आठवड्याभरात सगळं पोटात, आणि सुगड फुटलंच तर तुळशीच्या कुंडीत तळाशी खापऱ्या. अशा भेटीत मागे उरतंय काय? हलव्याचे दागिने तर या कल्पनेची कमाल. नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालायचे हार, बाजूबंद, मुकुट, सगळे तिळावर साखरेच्या पाकाचे काटे चढवून केलेले. सण झाला की दागिना दोऱ्यातून सोडवून खायचा. सराफाला हे कधी जमलेलं नाही! अलीकडे तोच हलवा सोनेरी पुठ्ठ्यावर गोंदानं चिकटवलेला मिळतो. फोटोत उत्तम दिसतो, तोंडात कोण घालणार?

मग वाणात वस्तू शिरल्या. आधी बेताच्याच होत्या: फणी, आरसा, काजळाची डबी, कुंकवाची कोयरी. पुढे स्टीलची वाटी, चमचा. त्यानंतर प्लॅस्टिक स्वस्त झालं आणि दार सताड उघडलं. गाळणी, साबणाच्या डब्या, चिमटे, झाकणं न बसणारे डबे. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत जानेवारीत गेलात तर वाणाचा माल डझनाच्या भावात मांडलेला दिसेल. तिथेही तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात: "घरात पाहिजे का वाणाला?" घरात पाहिजे म्हटलं तर जाड गाळणी दाखवतात.

थोडा हिशेब मांडू. समजा, एका सोसायटीत ३० घरं आहेत आणि प्रत्येक घरी हळदीकुंकू होतं. प्रत्येकजण उरलेल्या २९ जणींना वाण देते. म्हणजे तीस गुणिले एकोणतीस, ८७० वस्तू. वस्तू वीस रुपयांची धरली तर एका इमारतीत १७,४०० रुपये हलले आणि प्रत्येक घरात २९ वस्तू जमल्या, ज्यांतली एकही त्या घरातल्या बाईनं निवडलेली नाही. रुपये कुणाचेच फारसे कमी-जास्त झाले नाहीत, जितके गेले जवळजवळ तितक्याच किमतीचं परत आलं. फक्त पैशांच्या जागी गाळण्या आल्या.

पैशांच्या जागी गाळण्या येतात तेव्हा नेमकं किती हरवतं, हे जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं नाताळच्या भेटींबाबत मोजायचा प्रयत्न केला होता. त्याचा निबंध १९९३ साली छापून आला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यानं विचारलं की मिळालेल्या भेटी साधारण कितीच्या असतील, आणि भावनेचा भाग बाजूला ठेवून, त्याच वस्तू तुम्ही स्वतः कितीपर्यंत दाम देऊन घेतल्या असत्या? दोन आकड्यांमध्ये फट निघाली. भेटींच्या किमतीचा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग देण्याघेण्यातच विरून जातो, असा त्याचा अंदाज. मित्रमैत्रिणी आणि जोडीदार यांच्या भेटींत ही फट सर्वांत लहान होती, दूरच्या नातलगांच्या भेटींत मोठी. ज्याला तुम्ही रोज पाहता, त्याच्यासाठी वस्तू चुकत नाही, हे सांगायला येल विद्यापीठ लागू नये. पण आकडा हाताशी असलेला बरा.

अर्थशास्त्रज्ञाचा सल्ला अर्थातच रोख रक्कम द्या असा निघतो. आपण तो फार आधीपासून पाळतो. आहेराचं पाकीट आणि त्यावर आधीच चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं, १०१ किंवा ५०१ पूर्ण करायला. भाऊबीजेच्या तबकातली ओवाळणी. कार्यालयात स्टेजच्या बाजूला खुर्ची टाकून वही लिहिणारे काका: अमुक यांचेकडून रोख १०१, तमुक यांचेकडून स्टील डबा एक. ती वही जपून ठेवायची, कारण त्यांच्याकडचं कार्य निघालं की आपण किती द्यायचं ते तिच्यात पाहायचं. मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानानं १९२५ मध्ये भेटीवर निबंध लिहिला आणि सांगितलं की भेट वरून ऐच्छिक दिसते, पण तिला तीन बंधनं चिकटलेली असतात: द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परतफेड करावी लागते. वही लिहिणाऱ्या काकांनी मोस वाचला नव्हता.

पाकिटात कचरा जवळजवळ शून्य. तरीही सगळं पाकिटावर भागत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. सख्ख्या बहिणीच्या मंगळागौरीला पाकीट पुढे केलं तर ती घेईल, पण मनात काय म्हणेल? म्हणून वस्तू द्यायचीच असेल तर जुन्या बायकांचा मार्ग बरा होता. त्या सरळ विचारायच्या. "मी कुकर घेतेय, तू मिक्सरचं बघ, आणि नवऱ्या मुलीला विचार कढई लोखंडी हवी की दुसरी." हल्ली विचारलं की गंमत जाते असं म्हणतात. तीन कुकर आले की जी गंमत होते ती त्या मुलीलाच ठाऊक. काही पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असतं, तिथे लोक पुष्पगुच्छ आणतात, आणि रात्री कार्यालयाच्या मागच्या दारी पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गुच्छांचा ढीग पडतो. ते दृश्य पाहिलेल्या माणसाला स्टीलचा डबा परवडला असं वाटतं.

पर्यावरणाची काळजी आली तशी वाणात कापडी पिशवी आली. हेतू चांगला, पण हिशेब करून पाहावा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कापूस पिकवण्यापासून पिशवी टाकण्यापर्यंतचा हवामानावरचा भार धरला तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. प्लॅस्टिक नाल्यात तुंबतं, गाईच्या पोटात जातं, हे या आकड्यात नाही, तेव्हा प्लॅस्टिक बरं असा अर्थ कुणी काढू नये. पण एका घरात अशा २९ पिशव्या आल्या तर त्यांतली प्रत्येक १३१ वेळा बाजारात कधी जाणार? रोपांचंही तसंच. काळ्या पिशवीतली तुळस घेऊन बाई दुसऱ्या मजल्यावरच्या, उत्तरेला तोंड असलेल्या गॅलरीत जाते. 'इको-फ्रेंडली' हा शब्द छापला म्हणून वस्तू नेसायच्या फळीवर जात नाही. ती द्यायच्याच फळीवर राहते, फक्त किंमत वाढते.

त्यापेक्षा तीसजणींनी मिळून एकच हळदीकुंकू करावं. अनेक सोसायट्यांत ते होऊ लागलंय, कारण पर्यावरण नसून वेळ हे आहे, आणि कारण कुठलंही चालेल. वाण म्हणून तिळाची वडी, मेतकुटाची पुडी, घरच्या गोड्या मसाल्याची बाटली. बाटली परत करायची, असं सांगून. जाता जाता एक बोलून टाकतो: हळदीकुंकवात खरी टाकून द्यायची गोष्ट कुठली असेल तर ती विधवांना न बोलावण्याची चाल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. अनेक ठिकाणी आता सगळ्याजणींना बोलावतात. वाण काय असावं हा प्रश्न त्यानंतरचा.

वेष्टनाविषयी फार बोलण्यासारखं नाही, पण एक युक्ती सांगतो. गिफ्टपेपर मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर कागद असण्याची शक्यता, आपोआप उलगडला तर प्लॅस्टिक. चकाकणारा असेल तर त्यावर ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो, आणि तो लगद्यातून वेगळा काढणं कागद गिरणीला परवडत नाही. रद्दीवाला म्हणूनच तो घेत नाही. त्याच्या तराजूवर माझा या बाबतीतल्या कुठल्याही लेबलापेक्षा जास्त विश्वास आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ज्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्यांना आणि निमंत्रणपत्रिकांना गुंडाळायची फिल्मही आहे. मिठाईच्या दुकानात पुढच्या वेळी खोक्याच्या कडेवरून नख फिरवून पाहा.

वास्तविक वेष्टनाचा प्रश्न आपल्याकडे सुटलेला होता. दिवाळीत शेजारी फराळाचं ताट जायचं, वर क्रोशाचा रुमाल. ताटही परत यायचं, रुमालही. लांबच्यांना डबा. डबा रिकामा परत द्यायचा नाही, अगदी काही नसलं तर चमचाभर साखर घालायची, असा नियम. हल्ली शहरांत 'पॅकिंग परत घेऊन जाणाऱ्या' योजना निघतात, अनामत रक्कम ठेवतात, ॲप करतात. आपल्याकडे अनामत म्हणून डब्यावर कोरलेलं नाव असे. भांड्यांच्या दुकानात यंत्र टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायचं: कुणाचं, गाव, तारीख, कधी 'यांच्या स्मरणार्थ'. नाव घातलेलं भांडं ठेवून घेणं अवघड. तेच नाव भांडं फिरतं ठेवायचं. कंपन्या दिवाळीला स्वतःचं चिन्ह छापलेल्या बाटल्या वाटतात, तिथे मात्र नाव उलटं काम करतं. बाटली कुणाला देता येत नाही आणि स्वतः वापरावीशीही वाटत नाही.

दिवाळी अंक ही अशीच फिरती भेट. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून एक अंक एकाच माणसानं वाचल्याचं फारसं घडलेलं नाही. घरात चौघं वाचतात, शेजारी मागून नेतात, वाचनालयाचा असेल तर मार्चपर्यंत त्याचं मुखपृष्ठ सुटतं. शेवटी तो रद्दीत जातो, पण तोवर पुरता वापरून झालेला असतो.

आणि जुन्या वस्तू? वापरलेलं द्यायचं कसं, या संकोचानं आपण नवं कोरं निरुपयोगी देतो. पण हा संकोच सगळीकडे नसतो. बाळ जन्मलं की पहिले काही दिवस त्याला नवं कापड लावत नाहीत. जुन्या सुती लुगड्याची दुपटी, दुसऱ्या मुलाचं मऊ झालेलं झबलं. नवं कापड अंगाला बोचतं, हे साधं कारण. आजीच्या नऊवारीची गोधडी नातीला दिली तर ती कुणी बोहारणीला भांड्याच्या बदल्यात देत नाही. आणि पाळणा तर बहुतेक कुटुंबांत एकच. तो मामाकडून मावशीकडे, तिथून आत्येबहिणीकडे जातो, आणि मध्ये कुणालाच आठवत नाही की मुळात तो विकत कुणी घेतला होता. ट्रोब्रिअंड बेटांवरच्या माळेसारखा तो कोणकोणाच्या बाळांचा होता हे मात्र सगळ्यांना पाठ.

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक स्टीलचा डबा आहे. त्यावर आमचं नाव नाही. तिसऱ्या मजल्यावर पूर्वी राहणाऱ्या बिऱ्हाडाचं आहे, चकल्या घेऊन आला होता. ते आता ठाण्याला गेले. बायको दर दिवाळीत तो काढते, पुसते आणि म्हणते, नुसती साखर घालून कसा पाठवायचा, इतक्या वर्षांनी? मग अनारशांचं ठरतं, आणि अनारसे आमच्याकडे अजून कुणालाही जमलेले नाहीत.